आठ इंची मॉनिटर आणि दहा बाय बाराची खोली

गणपती जवळ आले की नाशिकमध्ये एक प्रश्न हमखास येतो. ढोल-ताशाचा ट्रॅक घरीच रेकॉर्ड करून घरीच मिक्स करणारी पोरं विचारतात, "दादा, मॉनिटर पाच इंची घेऊ की आठ इंची?" मॉनिटर म्हणजे इथे स्क्रीन नव्हे, मिक्सिंग करताना ऐकायचा स्पीकर. विचारतानाच उत्तर मनात पक्कं असतं. ढोल म्हणजे बास आणि बास म्हणजे मोठा कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा. दुकानदारही मान डोलावतो, त्याला आठ इंचीत चार पैसे जास्त सुटतात.

कागदावर यात चूक काही नाही. यामाहाचा पाच इंची एचएस-५ खाली ५४ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला ५४ कंपनं) जातो, आठ इंची एचएस-८ थेट ३८ पर्यंत (दोन्ही आकडे आवाज १० डेसिबलने पडतो तिथले). पण सिडको-इंदिरानगरच्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची बेडरूम त्या खालच्या स्वरांचं काय करते, हे कुठल्याच कॅटलॉगात छापलेलं नसतं. आणि ऐकू येतं ते स्पीकर आणि खोली मिळून जे करतात ते.

पाण्याने भरलेली परात उचलून चालून बघा. पाणी एका काठाला चढतं, मग दुसऱ्या काठाला. मधोमध पातळी जवळजवळ हलतच नाही. बंद खोलीत हवेच्या दाबाचं अगदी हेच होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी या अंतरात बरोबर बसते, तो स्वर दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो. गणित सोपं: ३४५ भागिले दोनदा ३.६६, म्हणजे ४७ हर्ट्झ. भिंतींपाशी दाबाची चढउतार सर्वांत जास्त, मधोमध शून्य. यालाच स्थिर तरंग म्हणतात.

हे कानाने तपासता येतं. संगणकावरून ४७ हर्ट्झचा साधा सलग स्वर लावा, आवाज बेताचाच ठेवा आणि लांबीच्या दिशेने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश चाला. भिंतीपाशी पोटात गुरगुर जाणवते, कपाटाचं दार थरथरतं. खोलीच्या मध्यावर आलात की स्वर जवळपास गायब! स्पीकर तोच, आवाज तेवढाच. आता सांगा, मधोमध खुर्ची टाकून बसलेला माणूस ढोलाचा तळ किती वाढवेल? भरपूर वाढवेल. मग तोच ट्रॅक गाडीत लावला की काचा हादरतात आणि शिव्या बसतात मॉनिटरला.

दहा फुटांच्या बाजूचा असाच स्वर ५७ हर्ट्झला येतो. आणि छतही दहा फुटांवर असेल तर उभा तरंगही नेमका ५७ लाच. दोघं एकाच जागी बसले की तो एक स्वर खोलीत दुप्पट माजतो. त्यात भर तिरक्या तरंगांची: ४७ आणि ५७ च्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ७४ येतात, दोन ५७ मिळून ८०. शिवाय प्रत्येकाच्या दुपटी, तिपटी. ढोलाची थाप थांबल्यावरही हे स्वर रेंगाळतात, म्हणून थाप मोकळी न वाजता धम्म्म करत ओघळते. (हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, त्यामुळे जानेवारीतली थंडी आणि मेमधला उन्हाळा यांत हे आकडे दोन-अडीच हर्ट्झनी सरकतात. व्यवहारात त्याने काही बिघडत नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

यूट्यूबवरचे सल्ले इथे अर्धवट लागू पडतात. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या असतात. त्यांतून बराचसा बास बाहेर निसटतो. आपल्याकडे विटा, प्लास्टर आणि आरसीसीचा स्लॅब. बास आत कोंडला जातो. त्यावर अंड्यांचे ट्रे चिकटवून उपयोग शून्य. दोन इंची फोमही टाळीचा खणखणाट मारतो, पण ४७ हर्ट्झची पाव तरंगलांबीच पावणेदोन मीटरच्या वर भरते. तिला दोन इंच म्हणजे काहीच नाही.

वास्तूवाले सांगतात, जड वस्तू नैर्ऋत्येला ठेवा. मॉनिटर मात्र नैर्ऋत्येला नको आणि ईशान्येलाही नको. कोणत्याही कोपऱ्यात खोलीतले सगळे तरंग एकदम चेकाळतात. हवेच्या रेणूला दिशा कळत नाही, भिंत कळते.

मागच्या भिंतीचा आणखी एक खेळ आहे. खालचे स्वर स्पीकरमधून चारही बाजूंना पसरतात. मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येते. कोन भिंतीपासून एक मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झला ती बरोबर उलटी होऊन पोचते आणि थेट लाटेला खाऊन टाकते. ८६ म्हणजे ढोलाच्या ऐन पट्ट्यात खड्डा. इक्वलायझरने, म्हणजे तेवढाच पट्टा वाढवून, तो भरायला जाल तर थेट लाट आणि परतलेली लाट दोन्ही सारख्याच वाढतात. खड्डा तिथेच राहतो, उगाच अँप्लिफायर दमतो. त्यापेक्षा मॉनिटर भिंतीकडे सरकवा. कोन ते भिंत ४० सेंटीमीटर ठेवलं तर खड्डा २१५ च्या आसपास जातो, आणि तिथे चार इंची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) बऱ्यापैकी कामाला येतं. भिंतीजवळ बास फुगतो, त्यासाठी एचएस-५ च्या पाठीवर 'रूम कंट्रोल'चं बटण असतं: उणे दोन किंवा उणे चार डेसिबल.

तर या खोलीसाठी माझं मत पाच इंचीला. उरलेल्या पैशांत रॉकवूलची सहा इंच जाड पॅनेलं करून घ्या आणि कोपऱ्यांत तिरकी लावा. ४७ ला तीही पुरी पडत नाहीत, पण शंभरच्या वरचा गोंधळ चांगलाच आवरतो. त्याहून खालचं ताडून पाहायला बरा हेडफोन ठेवा, त्याला खोली नसते. बसायची जागा लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर धरून सुरुवात करा, मग कानाने पुढे-मागे सरका.

मोठ्या बासवाचूनही भागतं, याला यामाहाचाच एनएस-१० साक्षीला आहे. १९७८ मध्ये घरगुती हायफाय म्हणून आलेला हा पांढऱ्या कोनचा स्पीकर तळाला तोकडा. वरचे स्वर टोचतात म्हणून लोक ट्वीटरवर (वरचे स्वर देणाऱ्या छोट्या स्पीकरवर) टिश्यू पेपर लावत. तरी २००१ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत जगभरच्या स्टुडिओंत तो टिकला. त्याची पेटी बंद, हवेला भोक नाही, त्यामुळे थाप संपली की तोही थांबतो.

आणि आवाज किती ठेवायचा? फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. रात्री शेजाऱ्यांच्या धाकाने हळू आवाजात मिक्स केलं की बास जास्त पडतो, तो याचमुळे. म्हणून बास दिवसाच ठरवा. मोबाइलच्या मीटरवर कानापाशी ७५ डेसिबलच्या आसपास पातळी लावा आणि नॉबच्या त्या जागेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा.