डावीकडून येणारा उजेड: शाईच्या वॉशमागची एक जुनी शिस्त

शाईच्या वॉशने, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या शाईच्या थरांनी, छायाप्रकाश शिकताना घन, गोल आणि शंकू समोर मांडायचे आणि दिवा डावीकडे वर ठेवायचा, ही पद्धत आज इतकी सवयीची झाली आहे की ती कुठून आली हे सहसा विचारलं जात नाही.

वॉश त्याहून पुष्कळ जुना आहे. काजळी आणि सरस यांची कांडी उगाळून एकाच शाईच्या छटांत अख्खं चित्र उभं करण्याची रीत चीनमध्ये तांग काळातच रुजली. तिथे पडछायेला, म्हणजे वस्तूची जमिनीवर किंवा भिंतीवर पडणाऱ्या सावलीला, मात्र फारसं स्थान नव्हतं. युरोपात इ.स. १४००च्या सुमारास लिहिलेल्या एका इटालियन हस्तपुस्तिकेत वस्त्राच्या चुण्यांना सावली देण्याची कृती सापडते: अक्रोडाच्या कवचीभर पाण्यात शाईचे दोन थेंब, ब्रश जवळजवळ कोरडा, आणि सावली जितकी गडद तितके थेंब जास्त. फिकटाकडून गडदाकडे जायचं हा धडा तेव्हापासूनचा. पुढे सतराव्या शतकात लाकडाच्या काजळीची तपकिरी शाई लोकप्रिय झाली आणि दोन-चार फटकाऱ्यांत ऊन पकडणारे हात तयार झाले.

खरा बदल झाला अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. लष्करी अभियंत्यांसाठी घडवलेल्या भूमितीने पडछाया मोजून काढता येऊ लागली आणि वास्तुचित्रांसाठी उजेडाची एकच दिशा रूढ झाली. घनाच्या वरच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या मागच्या कोपऱ्याकडे जाणारा कर्ण म्हणजे किरण. तो जमिनीशी सुमारे ३५ अंशांचा कोन करतो, पण नकाशात आणि दर्शनी चित्रात ४५ अंशांचा दिसतो. सोय मोठी होती. छज्जा भिंतीपुढे एक फूट आला असेल तर त्याची सावली बरोबर एक फूट खाली उतरते. कुठला भाग किती पुढे-मागे आहे हे सावली पाहूनच वाचता येतं.

पॅरिसच्या कलाशिक्षणात एकोणिसावं शतकभर हीच शिस्त चालली. कांडी उगाळायची, शाई निवळू द्यायची, गाळून घ्यायची. फळा किंचित तिरका ठेवून शाईचा ओघळ ब्रशने हळूहळू खाली आणायचा, वाळू द्यायचा, पुन्हा वर नवा थर. एका खांबाच्या गोलाईसाठी असे कितीतरी फिकट थर चढत. त्या चित्रांतली सफाई आजही थक्क करते.

पण सावली पाहण्याआधीच ती कुठे पडणार हे विद्यार्थ्याला ठाऊक असे, आणि इथेच वाद सुरू होतो. शिस्तीच्या बाजूचे म्हणत, आधी नियम हातात बसू दे, डोळा मागून येईल. विरोधकांचं म्हणणं होतं की नियम डोळ्याला झाकतो. मला दुसरी बाजू जास्त पटते. पडछाया वस्तूच्या अंगावरच्या सावलीपेक्षा गडद असते, असं तेव्हा शिकवलं जाई. पांढऱ्या कागदावर काळं मडकं ठेवून पाहा: मडक्याची अंधारी बाजू कागदावरच्या पडछायेपेक्षा कितीतरी गडद असते. पाठ केलेल्या नियमाने चितारलेलं मडकं पांढऱ्या मातीचं वाटू लागतं.

विसाव्या शतकात वास्तुचित्रांतून वॉश मागे पडला आणि शिस्तही ढिली झाली. लाखेची, वाळल्यावर पाण्याने न सुटणारी बाटलीबंद शाई सर्रास मिळू लागली. तिच्यावर थर निर्धास्त चढवता येतात, मात्र वाळलेली कड मऊ करता येत नाही. म्हणून अनेकजण अजून कांडीच उगाळतात. अलीकडे रस्त्यावर बसून स्केच करणाऱ्यांनी, दांड्यात पाणी भरलेल्या ब्रशमुळे, वॉश पुन्हा रोजच्या वापरात आणला.

आता वाद फोटोवरून आहे. फोटोवरून सराव करणाऱ्याला सावली आयतीच मिळते, पण कॅमेरा बऱ्याचदा गडद भाग एकसारखा काळा करून टाकतो. सावलीच्या आत जमिनीवरून परतलेला मंद उजेड त्यात हरवतो, आणि तोच तर वॉशच्या दुसऱ्या-तिसऱ्या थरात राखून ठेवायचा असतो.