भाषा तीन, घडण एक: कुपवाडने भाषाशास्त्राला काय शिकवलं

कुपवाड म्हटलं की सांगली-मिरजेकडच्या माणसाला एमआयडीसी आठवते. जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव वेगळ्याच कारणासाठी पाठ असतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी या गावातल्या बोलण्यावर लिहिलेला निबंध 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा एकमेकींच्या शेजारी नांदल्या की त्यांचं काय होतं, हा विषय निघाला की आजही कुपवाडचं नाव घ्यावंच लागतं.

तेव्हा कुपवाड साधारण तीन हजार वस्तीचं खेडं होतं. जैन जमीनदार आणि लिंगायत कारागीर घरात कन्नड बोलत. मुसलमान घरांत उर्दू, तीही दख्खनी वळणाची. दलित आणि भूमिहीन मजुरांची भाषा मराठी. दोर वळणाऱ्या थोड्या कुटुंबांत तेलुगू. गावातले जवळजवळ सगळे पुरुष दोन किंवा अधिक भाषा सफाईने बोलत आणि वेगवेगळ्या समाजांतली माणसं एकत्र आली की व्यवहार बहुतेक मराठीत होई.

आता यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. गावातली सत्ता आणि जमीन ज्यांच्या हाती, त्यांची घरची भाषा कन्नड किंवा उर्दू. तरी चारचौघांत बोलायची भाषा मराठी, म्हणजे गावातल्या सगळ्यात गरिबांची. गम्पर्झ-विल्सन यांनी याचं दिलेलं कारण मला पटतं. कन्नडमध्ये बोलावं तर ती जैन-लिंगायतांची, उर्दूत बोलावं तर ती मुसलमानांची. मराठी या दोन्ही वजनदार गटांपैकी कोणाच्याच घरची नव्हती, म्हणून ती सगळ्यांना चालली. मराठी बोलल्याने कोणी कोणाच्या घरात शिरत नव्हतं आणि कोणाचं आपलं घरही सुटत नव्हतं.

घर वेगळं, चावडी वेगळी, अशी ही व्यवस्था शतकानुशतकं चालली. तिने भाषांच्या आत काय केलं, ते निबंधातल्या एका साध्या वाक्यात दिसतं. थोडा पाला कापून आणल्याचं कुपवाडचा माणूस तीन भाषांत असं सांगे:

मराठीत : पाला जरा कापून घेऊन आलो.
उर्दूत : पाला जरा काट के ले के आया.
कन्नडमध्ये : ताप्ला जरा खोडि तगोंडि बय्न.

शब्द निरनिराळे, पण त्यांची रांग पाहा. ‘कापून’च्या जागी ‘काट के’, त्याच जागी ‘खोडि’. ‘घेऊन’च्या जागी ‘ले के’, त्याच जागी ‘तगोंडि’. एका भाषेतला तुकडा उचलावा, दुसरीतला तिथेच ठेवावा आणि वाक्य तयार! मराठी आणि उर्दू ही आर्यभाषा कुळातली भावंडं, कन्नड द्राविडी कुळातली. अशी नेमकी जुळणी कुळाच्या नात्यातून येत नाही, ती शेजारातून येते.

खोलात गेलं तर देवघेव दोन्ही बाजूंनी झालेली दिसते. ‘हे माझं घर आहे’ हे प्रमाण कन्नडमध्ये सांगताना ‘आहे’ लागतच नाही. ‘हे माझं घर’ एवढंच पुरतं. कुपवाडच्या कन्नडने मराठीसारखं क्रियापद लावायला सुरुवात केली. उर्दूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा फरक नाही, सगळं ‘हम’मध्ये भागतं. कुपवाडच्या उर्दूला हा फरक हवासा वाटला आणि तो तिने मराठीकडून घेतला. उलट कन्नडमध्ये माणसांना स्त्रीलिंग-पुल्लिंग आणि बाकी सगळ्याला नपुंसकलिंग, असा सरळ हिशेब असतो. वाटी ती, तांब्या तो आणि भांडं ते, ही आपल्याकडची डोकेदुखी तिथे नाही. कुपवाडची मराठी या कन्नड हिशेबाकडे झुकली. उर्दूला तर नपुंसकलिंगच नाही, म्हणून कुपवाडच्या उर्दूत निर्जीव वस्तू पुल्लिंगी होऊ लागल्या आणि ‘नदी आई’चं, म्हणजे ‘नदी आली’चं, ‘नदी आया’ झालं.

हे घडतं कसं? दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत एक भाषा सुरू असताना दुसरी बंद पडत नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांना आधी स्पॅनिशमध्ये कर्मणी रचनेचं, म्हणजे ‘पाला कापला गेला’ अशा घडणीचं, वाक्य ऐकवलं. लगेच नंतर इंग्रजीत चित्राचं वर्णन करताना ती माणसं कर्मणी रचना एरवीपेक्षा अधिक वापरू लागली. शब्द एका भाषेतून दुसरीत गेले नव्हते, घडण गेली होती. एवढीशी ढकल दिवसातून कितीतरी वेळा, पिढ्यान् पिढ्या आणि गावातल्या प्रत्येक पुरुषाला मिळत राहिली, तर व्याकरण जागचं हलणारच.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की, तीन भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं तरी कोणी आपली भाषा सोडली नाही. रोजच्या व्यवहाराचे शब्द निराळे राहिले आणि ‘आम्ही कोण’ हे सांगायला तेवढे पुरले. शब्दावर आपलं लक्ष असतं; तो आपला की परका, हे आपण चटकन ओळखतो. लिंग, क्रियापदाची जागा, ‘आपण-आम्ही’ यांच्यावर पहारा नसतो, म्हणून बदल तिथून आत येतो. शुद्ध मराठीसाठी एकेका शब्दावरून हिरिरीने भांडणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

दख्खनी उर्दूचंच घ्या. हैदराबादेत ऐकू येणारं ‘नक्को’ हे आपलं ‘नको’, आणि ‘मैंच’ मधला ‘च’ही आपलाच. तरी दख्खनी बोलणाऱ्याला आपण मराठी बोलतो आहोत असं कधी वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही.

मग माणसांच्या भूमिका बदलल्या. 1956 पर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर आणि सांगलीकडचा हा भाग एकाच मुंबई राज्यात होता. भाषावार प्रांतरचना झाली, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि 1 मे 1960 रोजी कुपवाड महाराष्ट्राचं झालं. शाळा मराठी, सरकारी कागद मराठी. पुढे कारखाने आले आणि 1998 मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली. जमीनदार, कारागीर, मजूर ही जुनी विभागणी भाषांना आपापल्या जागी धरून होती. कारखान्याच्या पाळीवर तशी विभागणी कुठून असणार?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला. तुकडा उचलून तुकडा ठेवण्याचं 1971 चं चित्र जरा जास्तच नीटनेटकं होतं का, हे त्यांनी तपासलं. मराठीचं वर्चस्व वाढलेलं आहे आणि कन्नड व उर्दूवर त्याचा परिणाम सारखा झालेला नाही, असं त्यांना दिसलं. सगळ्यांना चालणारी म्हणून जी मराठी चावडीवर होती, ती आता राज्याची भाषा आहे, पोटापाण्याची भाषा आहे आणि घरातही शिरते आहे. एका मराठी माणसाला याचा निव्वळ आनंद व्हावा असं मला वाटत नाही. मराठीच्या शेजारी राहून मराठीसारखी घडलेली ही कन्नड आणि ही उर्दू आपल्याच इतिहासाचा भाग आहेत, आणि बेंगळुरूच्या किंवा लखनौच्या पुस्तकांत त्या सापडणार नाहीत.

डेक्कन कॉलेजातच राज्य शासनाच्या मदतीने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण झालं आहे. गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ते संकेतस्थळावर सर्वांना ऐकायला खुलं ठेवलं आहे. सीमाभागातल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या कन्नड आणि दख्खनीचंही असं ध्वनिमुद्रण महाराष्ट्राने आपल्या खर्चाने करायला हवं, आणि तेही ती बोलणारी आजची पिढी हयात आहे तोवर.