धनेशाची मादी कैदेत नसते

धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याची वीण सुरू झाली की तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं: 'नर मादीला ढोलीत कोंडतो.' हे चूक आहे. निदान आपल्या महाधनेशाच्या बाबतीत तरी भिंत बांधते ती मादीच, आणि तीही आतून.

हा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत मीटरभर किंवा त्याहून लांब, वजनाने दोन ते चार किलो. चोचीवरचं पिवळं शिरस्त्राण भरीव वाटतं, पण आतून बहुतांशी पोकळ असतं. नराचा डोळा लालभडक, मादीचा पांढरा. पंखाखालची बारीक पिसं नसल्यामुळे उडताना पिसांतून हवा घुसते आणि वाफेच्या इंजिनासारखा आवाज दुरूनही येतो. सह्याद्रीच्या दाट, सदाहरित जंगलात उंबर, वड, नांद्रुक पिकले की हा आवाज हमखास कानावर पडतो.

आता भिंतीकडे वळू. धनेशाला सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. फांदी मोडली, बुरशीने गाभा कुजला, की अनेक वर्षांनी त्याच्या मापाची पोकळी तयार होते. मादी आत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, लाकडाचा भुसा चोचीच्या सपाट बाजूने थापत दाराच्या कडेने लिंपते. फळांचा चिकट गर आणि तंतू यांमुळे लेप वाळला की कडक होतो. शेवटी उरते ती एक उभी फट, चोचीचं टोक जाईल एवढीच.

ही फट उभीच का? आतली गरम, दमट हवा हलकी होऊन वरच्या टोकातून निघते आणि खालच्या टोकातून ताजी हवा आत येते, असा अभ्यासकांचा कयास आहे. आडव्या फटीत वर-खाली असा फरक फारसा उरत नाही. मादी शेपटी फटीकडे करून विष्ठा बाहेर फेकते, त्यामुळे ढोली कोरडी राहते. एक-दोन अंडी, सुमारे 40 दिवसांची उबवणी आणि त्याच काळात मादीची पिसं झडून नवी येणं, हे सारं या बंद खोलीत चालतं. नर गळ्यात फळं भरून आणतो आणि एकेक करून फटीतून देतो. पिल्लू जरा मोठं झालं की मादी आपल्याच चोचीने भिंत फोडून बाहेर येते आणि पिल्लू आतून दार पुन्हा लिंपून घेतं.

बिघडतं कुठे? तळ कुजत खोल गेला तर फटीपर्यंत चोच पोहोचत नाही. दार फार रुंद झालं तर लिंपून पुरत नाही. आणि नराची शिकार झाली तर तो हंगामच बुडाला. धनेशाच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर चालतं, या निराधार समजुतीपायी आजवर कित्येक नर मारले गेले आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधल्या या पक्ष्याची शिकार गंभीर गुन्हा आहे.

वापरातली ढोली ओळखायची तर दाराखाली खोडावर विष्ठेचे ओघळ आणि बुंध्याशी बियांचा सडा पाहावा. तिथे उभं मात्र राहू नये. माणूस दिसला की भरल्या गळ्याचा नर लांबच्या झाडावर थांबून राहतो, आणि तेवढा वेळ आतल्यांना घास मिळत नाही.