फुप्फुसातून जाणारी वाट: सिकलसेलची जुनी पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यातल्या भिल्ल आणि पावरा पाड्यांवर सिकलसेल हा शब्द आता नवा राहिलेला नाही. आधी सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ताची प्राथमिक चाचणी, शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची चाचणी, हा क्रम आशाताईंनाही पाठ असतो. हा रक्ताचा आनुवंशिक आजार; दोष हिमोग्लोबिनात, म्हणजे तांबड्या पेशीतल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनात. तांबड्या पेशीतला ऑक्सिजन उतरला की ती विळ्यासारखी वाकते. फुप्फुसात ऑक्सिजन मिळाला की सुरुवातीला सरळ होते, पण असं वारंवार झालं की वाकलेलीच राहते. म्हणजे हा आजार समजायचा तर रक्त दर फेरीत फुप्फुसातून जातं, हे आधी माहीत हवं. आणि ते कळायलाच माणसाला कितीतरी शतकं लागली.

दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन याच्या मते हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपायचं. छिद्रं कुणी पाहिली नव्हती, तरी हजार वर्षं ती टिकली! १२४२ मध्ये अरब वैद्य इब्न अल-नफीसने इब्न सिनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथामधल्या शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिलं आणि स्पष्ट सांगितलं: पडदा जाड आहे, छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसात जातं, हवेत मिसळतं आणि मग डावीकडे येतं. शरियत आणि दया यांमुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो, असंही तो लिहितो. निव्वळ तर्काने इथवर पोचणं मला तरी पुढे रक्ताभिसरणाचं पूर्ण चक्र मांडणाऱ्या इंग्रज डॉक्टर हार्वेच्या कामाइतकंच थोर वाटतं. ज्या ‘कानून’वर त्याने हे लिहिलं, तो युनानी वैद्यकाचा आधारग्रंथ; अक्कलकुव्यातही युनानीचं महाविद्यालय आहे. भाष्य मात्र विस्मृतीत गेलं. १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला त्याचं हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं.

दरम्यान युरोपने हीच वाट वेगळी शोधली होती. स्पॅनिश वैद्य आणि धर्मचिंतक सर्व्हेटसने ती १५५३ मध्ये धर्मशास्त्राच्या पुस्तकात मांडली. त्याच वर्षी त्याला पाखंडी ठरवून जिनिव्हात जिवंत जाळलं. १५५९ मध्ये इटलीतल्या शरीररचनातज्ज्ञ कोलोंबोचं हीच वाट सांगणारं पुस्तक आलं, १६२८ मध्ये हार्वेने सगळं चक्र जुळवलं. धमनीतून शिरेत रक्त नेमकं कसं शिरतं, हे मात्र त्यालाही दिसलं नाही. तो वारल्यावर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतल्या माल्पिघीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या अतिबारीक वाहिन्या, दिसल्या.

वाकलेल्या पेशी अडकतात त्या अशाच बारीक वाहिन्यांत. शिकागोच्या डॉक्टर हेरिकने या पेशींचं वर्णन १९१० मध्ये छापलं; भारतात त्या प्रथम नोंदल्या गेल्या १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींत. त्या फुप्फुसातच अडकल्या तर ताप, खोकला, छातीत कळ आणि धाप सुरू होते. फुप्फुसात मिळणारा ऑक्सिजन घटतो, आणि तो घटला की आणखी पेशी वाकतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा असा खोकला सर्दी-पडशात न काढता लगेच ऑक्सिजनची पातळी पाहतात आणि छातीचा एक्स-रे काढतात.