आधी कासव, मग आजी

1960च्या दशकात कादंबरीकार चिनुआ अचेबे नायजेरियात लागोसला राहत होते. लेकीसाठी ते दुकानातून महागडी, रंगीत परदेशी पुस्तकं आणायचे, पण उघडून पाहायचे नाहीत. मुलीच्या डोक्यात काळ्या-गोऱ्यांबद्दल भलतंच काही शिरतंय असं दिसलं, तेव्हा त्यांनी ती वाचली आणि हादरले. 1966 मध्ये त्यांनी मुलांसाठी स्वतःच पुस्तक लिहिलं. लेखकाच्या घरी ही गत, मग इतरांचं काय?

आफ्रिकेतल्या मुलांच्या पुस्तकांत लोककथांना तोटा नव्हता. चतुर कासव होतं, घानाच्या लोककथांतला आठ पायांचा अनान्सी कोळी होता. रोजचं घर-अंगण मात्र पुस्तकात उशिरा आलं. घानाचे मेशॅक असारे शिक्षक आणि चित्रकार. 1970 मध्ये त्यांनी कोळ्याच्या पोराची गोष्ट चितारली (हा कोळी मासे धरणारा, आठ पायांचा नव्हे!). 1997 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकातला सोसू हा मुलगा चालू शकत नाही. असल्या मुलाला होडीत बसवणं अपशकुनी, असं गावातलेच लोक त्याच्या बापाला सुनावतात. पुढे वादळात समुद्र घरांत शिरू लागतो, तेव्हा हाच पोरगा ढोल बडवून कामावर गेलेल्या गावाला परत बोलावतो. गावाची माया दाखवताना असारे गावाचा कोतेपणा झाकत नाहीत, म्हणून मला ते थोर वाटतात. या पुस्तकाला 1999 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

नायजेरियाच्या इग्बो समाजातल्या इफेओमा ओन्येफुलू यांनी कुंचल्याऐवजी कॅमेरा घेतला. 1996 च्या पुस्तकात त्यांनी 'ओग्बो' दाखवला. आगेमागे जन्मलेल्यांचा हा गट जन्मभर टिकतो आणि गावची कामं वाटून घेतो. लंगोटीयार आपल्याकडेही असतात, पण त्यांच्यावर गावकीचं काम कुणी सोपवत नाही.

2007 मध्ये नायजेरियात जन्मलेल्या लेखिका अटिनुके यांच्या पुस्तकातून अ‍ॅना हिबिस्कस ही मुलगी आली. आजी-आजोबा, काका-मावश्या, भावंडं, सगळी एकाच 'कंपाउंड'मध्ये. आपण त्याला वाडा म्हणू.

2014 मध्ये 'आफ्रिकन स्टोरीबुक' प्रकल्पाने अनेक आफ्रिकी भाषांतल्या गोष्टी खुल्या परवान्याने मोफत दिल्या. दुसऱ्याच वर्षी भारतातल्या प्रथम बुक्स या प्रकाशनाचं 'स्टोरीवीव्हर' हे मोफत गोष्टींचं संकेतस्थळ सुरू झालं आणि त्यावर या आफ्रिकी गोष्टींपैकी काही मराठीतही आल्या. झुलू भाषेतल्या 'गोगो'ची मराठीत आजी करणं सोपं. इंग्रजीत नुसती 'कझिन' असलेली मुलं मात्र चुलत की मावस, हे अनुवादकाला ठरवावं लागतं, आणि मूळ गोष्ट ते सांगेलच असं नाही.