डिशवॉशर गुरगुरतंय, पण भांडी स्वच्छ निघत नाहीत? मोटर बदलण्याआधी हे वाचा

‘भाऊ, मशीन नुसतं गुरगुर करस!’ भरिताच्या दिवसांत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आमच्या दुकानाचा फोन याच तक्रारीनं वाजत राहतो. मशीन चालू होतं, पाणी भरल्याचा आवाज येतो, दीड-दोन तास दिवा लागलेला असतो. दार उघडावं तर शेवभाजीच्या वाट्यांना तर्री तशीच आणि साबणाची गोळी अर्धी न विरघळलेली. तोवर घरात कुणीतरी निकाल देऊन मोकळं झालेलं असतं, ‘मोटर गेली.’

बऱ्याचदा ती गेलेली नसते. नवीन पंपाचे पैसे घेणं आमच्याही फायद्याचं आहे, पण पंप बदलूनही तक्रार तशीच राहिली तर शिव्या आम्हीच खातो. म्हणून आधी घरी काय बघायचं ते इथे लिहून देतो.

मोटरी दोन असतात

एक पाणी फिरवते, तो सर्क्युलेशन पंप. दुसरी घाण पाणी बाहेर टाकते, तो ड्रेन पंप. शेवटी तळाशी पाणी साचून राहत असेल तर संशय दुसरीवर घ्यायचा. हे पत्रक पहिलीबद्दल आहे.

बहुतेक मशीन एका धुण्याला साधारण तीन-चार लिटर पाणी घेतं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरवतं. तळाच्या खड्ड्यातलं पाणी जाळीतून गाळून पंपात, तिथून फवाऱ्याच्या पात्यांत, पात्यांतून भांड्यांवर, आणि परत खाली. पात्यांना वेगळी मोटर नसते, ती पाण्याच्या जोरावरच फिरतात. पाणी फिरलं नाही तर हीटरही चालू होत नाही, कारण कोरडा तापून जळू नये म्हणून मशीन त्याला अडवून धरतं. भांडी गार निघाली म्हणजे हीटरच गेला, असं लगेच धरू नका.

वाटी ठेवून बघा

वरच्या ट्रेमध्ये एक रिकामी वाटी उपडी न घालता सुलटी ठेवा. खालचं पातं दाराकडे तोंड करून ठेवा. मशीन लावा, पाणी भरून झाल्यावर पाचेक मिनिटं जाऊ द्या, मग बंद करून दार सावकाश उघडा (वाफ येऊ शकते). वाटीत पाणी आणि पातं जागचं हललेलं, तर पंप पाणी फेकतोय; मग पात्यांची भोकं, साबण आणि भांडी रचण्याची पद्धत बघा. एखादी उंच पळी किंवा ताट पात्याला अडत असेल तरी असंच होतं. वाटी कोरडी असेल तर पुढे वाचा.

पाणी पुरेसं येतंय का?

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथे असतो. नळाला पाणी रोज नाही, सगळा भरवसा गच्चीवरच्या टाकीवर. टाकी दहा फूट उंचावर असली तरी दाब जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि अनेक कंपन्या कमीत कमी ०.३ ते ०.५ बार मागतात. एकमजली घराच्या स्लॅबवर थेट ठेवलेली टाकी म्हणजे काठावरचं पास. टाकी अर्धी झाली, बाथरूमचा नळ कुणी सोडला, की मशीनला पाणी कमी पडतं, पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि हुक्क्यासारखा गुडगुडतो. हा आवाज मोटरचा नाही, हवेचा आहे.

मशीनच्या नळाची तोटी बंद करा, पाइप सोडवा, बादली खाली धरून तोटी उघडा. अर्ध्या मिनिटात लिटरभरही पाणी येत नसेल तर दोष पुरवठ्याचा. पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीही काढून बघा. बोअरच्या पाण्याची रेती तिच्यात घट्ट बसते.

जाळी आणि तिच्याखालचा खड्डा

तळाची जाळी डावीकडे फिरवली की वर निघते. हिवाळ्यात बामणोदची वांगी बाजारात आली की आम्हाला तिच्यात काय सापडणार हे आधीच माहीत असतं: वांग्याच्या बिया, कोथिंबिरीचे देठ, शेंगदाण्याची टरफलं, आणि पाटोडीचं बेसन. बियांचं एवढं काही नाही. बेसन मात्र गरम पाण्यात शिजून जाळीवर लेपासारखं बसतं, वर गार तेल थिजतं, आणि पाणी खाली उतरेनासं होतं. जाळी जुन्या दातांच्या ब्रशनं आणि कोमट पाण्यानं घासा. भांडी विसळून नाही घातली तरी चालेल, पण खरकटं झाडूनच घाला.

जाळी काढल्यावर खड्ड्यातलं पाणी स्पंजनं टिपा, पण बोटं घालू नका, चमचा वापरा. भुसावळच्या एका घरी मशीन ‘टर्र टर्र’ करून थांबायचं. पंप उघडला तर पंख्याच्या पाकळीत काचेच्या हिरव्या बांगडीचा नखाएवढा तुकडा आडवा बसलेला. जाळी नीट न फिरवता नुसती ठेवली होती, त्या फटीतून तो गेला. तुकडा चिमट्यानं काढला, पाकळ्या शाबूत होत्या, मशीन त्याच दुपारी चाललं. तेव्हा जाळी परत बसवताना पूर्ण घट्ट फिरवा.

फेस

गोळी संपली म्हणून ओट्यावरचं भांडी घासायचं लिक्विड कधीही घालू नका. पंपाला पाणी उचलता येतं, फेस नाही. घातलं गेलंच असेल तर मशीन थांबवा, मूठभर मीठ तळाशी टाका, थोडं गार पाणी ओता आणि ड्रेन लावा. दोन-तीनदा करावं लागेल.

महिनाभर बंद होतं?

मे महिन्यात घर बंद करून गावाला जाता. इकडे पारा ४५ च्या पुढे, खड्ड्यातलं पाणी आटतं, क्षार मागे राहतात आणि पंपाचं सील (पाणी अडवणारी कडी) फिरत्या दांड्याला चिकटून बसतं. परत आल्यावर मशीन फक्त ‘हूं’ करतं. लगेच बंद करा, हूं करत राहिलं तर मोटर तापते. तळात दोन लिटर गरम पाणी (उकळतं नको) आणि दोन चमचे लिंबूसत्त्व घाला, तासभर ठेवा, मग पुन्हा लावा. बरीच मशीनं एवढ्यावर सुटतात. पुढच्या वेळी जाण्याआधी तळ कोरडा पुसा आणि दार किंचित उघडं ठेवा.

इथलं बोअरचं पाणी जड. मशीनच्या मिठाच्या डब्यात डिशवॉशरचं खडे मीठ हवंच, जेवणातलं आयोडीनचं बारीक मीठ नाही. डबा रिकामा ठेवून चालवलेल्या मशीनचा हीटर उघडला की त्यावर चुन्याचं कवच दिसतं, पंपातही तेच.

इथून पुढे आमचं काम

एवढं करूनही वाटी कोरडीच असेल तर जुन्या मशीनमध्ये पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या भागावर. मोटर हूं करते पण फिरत नाही, हे त्याचं लक्षण. भाग लहान आहे, पण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते, म्हणून स्वतः उघडू नका. नव्या मशीनमध्ये कपॅसिटरऐवजी मोटर इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालते आणि अनेकांत हीटर पंपालाच जोडलेला असतो. तिथे मोजल्याशिवाय कोणीही ‘पंप गेला’ म्हणत असेल तर मोजमाप दाखवायला सांगा. आम्हालाही सांगा.

मशीनखाली पाणी दिसलं, एमसीबी (विजेचा सुरक्षा खटका) पडला, जळका वास आला किंवा ड्रेन पंप थांबतच नाही, तर प्लग काढा, तोटी बंद करा आणि फोन करा. शेवटचं लक्षण बहुधा सील गळून मशीनच्या बुडाच्या ट्रेमध्ये पाणी साचल्याचं असतं. मशीन वाकडं करून ते पाणी ओतून पुन्हा चालवणारे आहेत. मग सीलच्या कामात बेअरिंगचंही काम वाढतं.

फोन करण्याआधी पडद्यावरच्या एरर कोडचा आणि दाराच्या कडेवरच्या स्टिकरचा फोटो पाठवा. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलात तर आणखी बरं, टर्र आणि हूं यात आम्हाला फरक कळतो. आणि नवीन फरशी किंवा ग्रॅनाइट बसवताना मिस्त्रीला सांगून ठेवा की मशीन पुढे ओढता आलं पाहिजे. अमळनेरला एकदा पंपाच्या कामाला अर्धा तास लागला आणि मशीन बाहेर काढायला अख्खी सकाळ.