सिलिकेट मागवण्याआधी: फाउंड्री ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. कोल्हापूरजवळच्या या भागातल्या कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, सिलिकॉन पावलोपावली आहे. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, आणि लॅडलमध्ये (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यात) पडतं ते फेरोसिलिकॉन, म्हणजे लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू. आम्ही पुरवतो ते सोडियम सिलिकेट. वाळू आणि सोडा ॲश भट्टीत वितळवून केलेली ही काचच, पण वाफेच्या दाबाखाली पाण्यात विरघळवलेली.

फोनवर बहुतेक वेळा “एक बॅरल पाठवा” एवढंच सांगितलं जातं. कृपया काम कोणतं आहे तेही सांगा. सिलिकेटचा सगळा स्वभाव त्यातल्या सिलिका आणि सोड्याच्या प्रमाणावर, म्हणजे रेशोवर ठरतो. खोक्यांचा कागद चिकटवायला ३.२ च्या आसपासचा ‘न्यूट्रल’ माल चालतो. सीओटू मोल्डिंगला, म्हणजे सिलिकेट मिसळलेल्या वाळूचा साचा कार्बन डायऑक्साइड गॅसने कडक करायला, तो चालत नाही. तिथे साधारण २ ते २.५ रेशोचा ‘अल्कलाईन’ माल लागतो. या पट्ट्यातही निवड आहे. रेशो वरचा असेल तर गॅस मारताच कोअर (ओतीव भागात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) कडक होतो, पण ओव्हरगॅसिंगही (गरजेपेक्षा जास्त गॅस लागणं) पटकन होतं आणि ठेवलेला कोअर लवकर ठिसूळ होतो. आज कोअर करून दोन दिवसांनी ओतणार असाल तर खालचा रेशो घ्या. बोमे बघून माल घेणाऱ्यांनाही सांगणं आहे: बोमे मीटर दाटपणा दाखवतो, रेशो नाही.

गॅसने नेमकं काय होतं? कार्बन डायऑक्साइड सिलिकेटमधला सोडा मारतो, सिलिकाचं जेल तयार होतं आणि ते वाळूचे कण धरून ठेवतं. हे काही सेकंदांचं काम आहे. “अजून थोडा मारू” म्हणत गॅस सोडत राहिलं की कोअरवर पांढरी भुकटी येते आणि कडा बोटाने झडतात. अशा वेळी तक्रार सिलिकेटची येते. आधी गॅसचा वेळ तपासा.

वाळूत सिलिकेट साधारण ३ ते ५ टक्के पुरतं. जास्त घातल्याने साचा मजबूत होईल, पण ओतल्यानंतर तेच सिलिकेट वाळूसह काचेसारखं भाजून बसतं आणि कोअर फोडताना छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. त्यावर आपल्या भागातला उपाय जुनाच आहे: साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस). थोडी मिसळली की धातूच्या उष्णतेने ती जळते, बंध सैल पडतो. मात्र मळीने कोअर ओल धरतो, म्हणून पावसाळ्यात प्रमाण कमी ठेवा.

वाळू कोरडी हवी. मिसळलेली वाळू उघडी ठेवू नका, हवेनेच तिच्यावर पापडी धरते; ओलं पोतं टाका. बॅरलचं झाकणही याच कारणाने घट्ट लावायचं. ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात सिलिकेट काढू नका, हायड्रोजन सुटतो.

‘न्यूट्रल’ मालसुद्धा अल्कलीच आहे. हातमोजे आणि चष्मा घाला. डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा. खड्ड्यात मोल्डिंग असेल तर वारा खेळता ठेवा, कारण सीओटू जड असतो आणि तळाशी साचतो.

ऑर्डर देताना वाळूचा प्रकार, कोअर किती वेळ ठेवणार आणि धातू कोणता, एवढं कळवा. रेशो आम्ही सुचवू.